टॅबवरच्या खुणा लॅपटॉपवर का पोहोचत नाहीत? मोठ्या पीडीएफ संग्रहाची दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. संग्रहात हजार-दोन हजार पीडीएफ आहेत. साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली पुस्तकं, शोधगंगेवरचे प्रबंध, इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी स्कॅन, शासन निर्णय, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेले लेख. टॅबवर वाचायचं, लॅपटॉपवर लिहायचं असा बेत, आणि मध्ये गूगल ड्राइव्ह किंवा तसलंच काहीतरी जोडलेलं. सुरुवातीला बरं चालतं. मग कधीतरी टॅबवर पिवळं केलेलं पान लॅपटॉपवर कोरंच निघतं. किंवा एकाच पुस्तकाच्या तीन प्रती दिसू लागतात आणि तिन्हींत वेगवेगळ्या खुणा. सगळं काढून पुन्हा जोडलं की काही दिवस ठीक, नंतर पहिले पाढे पंचावन्न.

दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं, कारण दुरुस्ती सिंकची (म्हणजे दोन यंत्रांवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवण्याची) होते आणि दोष बहुतेक वेळा सिंकमध्ये नसतो. सिंक करणारं सॉफ्टवेअर एवढंच बघतं की फाइल बदलली का. खूण फाइलमध्ये गेलीच नसेल तर त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही, आणि ते निवांत हिरवी टिकमार्क दाखवत बसतं. त्यामुळे आधी विचारायचं ते हे: टॅबवर बोट फिरवून ओळ रंगवली, ती खूण लिहिली गेली कुठे?

तिला तीन घरं असतात. पहिलं म्हणजे पीडीएफ फाइलच्या पोटात. पीडीएफ हे १९९३ मध्ये अडोबीने आणलेलं आणि २००८ पासून आयएसओ मानक झालेलं स्वरूप आहे. अधोरेखन, रंगवणं, चिकटचिठ्ठी, पेनाची रेघ या सगळ्यांसाठी त्यात ठरलेली जागा आहे. तिथे लिहिलेली खूण कुठल्याही बऱ्या पीडीएफ वाचकात, म्हणजे वाचायच्या ॲपमध्ये, दिसते. दुसरं घर ॲपच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. संदर्भ आणि पीडीएफ सांभाळणारं झोटेरो असंच करतं: पीडीएफला हात लावत नाही, खुणा वेगळ्या ठेवतं आणि पान दाखवताना वरून चढवतं. तिसरं घर सगळ्यात फसवं. ॲप तुमच्या फाइलची एक प्रत आपल्या कोठारात घेतं आणि खुणा त्या प्रतीवर करतं. गुडनोट्स, नोटॅबिलिटी, सॅमसंग नोट्स ही वहीछाप ॲप्स याच पंथातली. तुम्ही फाइल ‘उघडली’ असं तुम्हाला वाटतं, ॲपने ती ‘आयात’ केलेली असते. मूळ फाइल फोल्डरात जशीच्या तशी.

मॅकवर स्किम हा पीडीएफ वाचक वापरणाऱ्यांसाठी एक चौथा कोपराही आहे. स्किम आपल्या टिपा फाइलला चिकटलेल्या विस्तारित गुणधर्मांत ठेवतं, पीडीएफच्या आत नाही. त्या मॅकवर सगळं झकास दिसतं, पण फाइल ड्राइव्हमार्गे टॅबवर गेली की टिपा वाटेतच गळून पडतात. स्किममधून टिपा अंतर्भूत करून पीडीएफ निर्यात करावी लागते. मॅकच्या स्वतःच्या प्रीव्ह्यूमध्ये ही भानगड नाही, तो थेट फाइलमध्ये लिहितो.

संग्रहाला हात लावण्याआधी

एक छोटी फाइल घ्या, दोन-चार पानांची, जिच्यातला मजकूर बोटाने निवडता येतो अशी. नाव इंग्रजी अक्षरांत आणि लहान ठेवा. ती लॅपटॉपवरच्या सिंक फोल्डरात टाका आणि टॅबवर पोहोचू द्या. टॅबवर ती तुम्ही एरवी ज्या वाटेने उघडता त्याच वाटेने, त्याच ॲपमध्ये उघडा. एक ओळ रंगवा, ॲप बंद करा. मग लॅपटॉपवर त्या फाइलची बदलाची वेळ आणि आकार बघा, आणि ती फायरफॉक्स ब्राउझरमध्ये उघडा.

फायरफॉक्सच का, तर दोन्हीकडे एकाच कंपनीचं ॲप असेल तर ते आपल्या खात्यातून खुणा आणून दाखवू शकतं आणि तुमची समजूत होते की फाइल बदलली. भलत्याच वाचकात रंग दिसला तरच तो फाइलमध्ये आहे.

वेळ बदलली आणि रंगही दिसला, तर घर पहिलं आहे. तुमचा त्रास दोन प्रतींच्या भांडणाचा आहे, तो भाग पुढे येतो. वेळ बदललीच नाही, तर खूण डेटाबेसात आहे किंवा भलत्या प्रतीत. ॲपच्या सेटिंगमध्ये निर्यात किंवा ‘फाइलमध्ये साठवा’ असं काही आहे का ते बघा. नसेल तर ते ॲप या कामाचं नाही. त्यावर सिंकचे दहा प्रयोग केले तरी उपयोग शून्य.

हीच चाचणी उलट दिशेनेही करा. लॅपटॉपवर खूण, टॅबवर तपासणी. एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही असं बऱ्याचदा निघतं, आणि तेवढ्यानेच दोष अर्धा पकडला जातो.

अँड्रॉइडवर फाइल उघडायची वाट

‘नेहमीच्या वाटेने उघडा’ म्हटलं ते यासाठी. अँड्रॉइडवर ड्राइव्हच्या ॲपमध्ये जाऊन फाइलवर टिचकी मारली आणि ‘यात उघडा’ म्हणून एखादा पीडीएफ वाचक निवडला, तर त्या वाचकाच्या हाती बहुतेक वेळा तात्पुरती प्रत पडते. खुणा करून सेव्ह केलं की तो ‘परवानगी नाही’ म्हणतो, किंवा काही न बोलता डाउनलोड फोल्डरात नवी फाइल टाकतो. व्हॉट्सॲपचंही तेच. चॅटमधून उघडलेल्या लेखावर केलेल्या खुणांचा तुमच्या संग्रहातल्या प्रतीशी काहीही संबंध नसतो. हरवलेल्या खुणा शोधायच्या असतील तर पहिल्यांदा टॅबचं डाउनलोड फोल्डर तारखेनुसार लावून बघा. खूपदा सगळं तिथे सुखरूप असतं, कंसातल्या १, २, ३ आकड्यांसह.

ड्राइव्हमधलं ‘ऑफलाइन उपलब्ध’ हे बटणही दिशाभूल करतं. ते फाइल टॅबवर आणतं खरं, पण ड्राइव्हच्या स्वतःच्या जागेत. तुमच्या वाचकाला ती फोल्डर म्हणून दिसत नाही. खऱ्या फाइली टॅबच्या साठवणीत हव्या असतील तर ऑटोसिंक किंवा फोल्डरसिंक यांसारखं ॲप लागतं, जे ठरलेलं फोल्डर दोन्ही दिशांनी जुळवतं. मग वाचकातून ते फोल्डर उघडायचं, ड्राइव्हच्या ॲपमधून नाही. आयपॅडवर फाइल्स ॲपमधून किंवा पीडीएफ एक्सपर्टसारख्या वाचकाच्या स्वतःच्या खातेजोडणीतून उघडलेली फाइल जागच्या जागी बदलते. शेअर बटणातून ‘प्रत पाठवा’ केलं की प्रतच जाते, नावातच लिहिलेलं आहे.

अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याची खुमखुमी हाही एक ठरलेला दोषी. बऱ्याच टॅबमध्ये पडदा बंद झाला की पार्श्वभूमीतली ॲप्स गपगार केली जातात. सिंकचं ॲप बॅटरी बचतीतून वगळा. हा दोन मिनिटांचा उपाय आहे आणि निम्म्या ‘उशिरा येतं’ तक्रारी इथेच मिटतात.

दोन प्रतींचं भांडण

आता खुणा फाइलमध्येच जातात, पण प्रती वाढतात, असा प्रकार. ड्रॉपबॉक्स त्यांना संघर्ष झालेली प्रत म्हणून यंत्राचं नाव आणि तारीख चिकटवतो. सिंकथिंग हे यंत्रं थेट एकमेकांशी जुळवणारं सॉफ्टवेअर; तो नावात संघर्षाची खूण, तारीख, वेळ आणि यंत्राची ओळख घालतो. कारण एकच: पहिल्या यंत्राचा बदल दुसऱ्यावर पोहोचण्याआधी दुसऱ्यावरही बदल झाला. प्रवासात टॅब ऑफलाइन होता, तुम्ही वाचत होतात, आणि घरी लॅपटॉपवर तीच फाइल उघडी होती.

उघडी असणं यात मोठं पाप आहे. विंडोजवर ॲक्रोबॅट फाइल उघडी असेपर्यंत तिला कुलूप लावून ठेवतं. टॅबवरून नवी आवृत्ती आली तरी सिंकला ती जागेवर ठेवता येत नाही. मग तुम्ही लॅपटॉपवर सेव्ह करता आणि दोन आवृत्त्या समोरासमोर येतात. सुमात्रापीडीएफ असं कुलूप लावत नाही, वाचनासाठी लॅपटॉपवर तेच ठेवावं असं माझं मत. आणि रात्री लॅपटॉपचं झाकण मिटण्याआधी पीडीएफच्या खिडक्या बंद करण्याची सवय लावून घ्या. कंटाळवाणा सल्ला आहे, पण याच्याइतका लागू पडणारा दुसरा नाही.

सिंकथिंग वापरणाऱ्यांनी टॅबचं घड्याळ तपासावं. संघर्ष झाला की सिंकथिंग ज्या फाइलची बदलाची वेळ जुनी तिला बाजूला काढतो. टॅबचं घड्याळ मागे असेल तर तुमच्या ताज्या खुणाच बाजूला जातात आणि जुनी प्रत मूळ नावाने मिरवते. घड्याळ आपोआप जुळवण्यावर ठेवा. मेमरी कार्डावर संग्रह असेल तर आणखी एक विचित्र लक्षण दिसतं: सगळ्याच्या सगळ्या फाइलींची बदलाची वेळ अचानक साडेपाच तासांनी सरकलेली. फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या कार्डावर वेळ स्थानिक घड्याळानुसार लिहिली जाते, कालविभागाची नोंद नसते. भारतीय आणि जागतिक वेळेतला ५ तास ३० मिनिटांचा नेमका फरक दिसला की समजायचं, फाइली बदललेल्या नाहीत, कार्ड बदलायची किंवा संग्रह आतल्या साठवणीत हलवायची वेळ झाली आहे.

झालेल्या प्रती जुळवायच्या कशा? आकार मोठा ती प्रत चांगली, हा ठोकताळा चुकतो. बरेच वाचक खुणा फाइलच्या शेवटी जोडत जातात, त्यामुळे आकार वाढतो. पण काही वाचक सेव्ह करताना सगळी फाइल नव्याने रचतात, आणि मग जास्त खुणा असलेली प्रत लहानसुद्धा निघते. दोन्ही उघडून टिप्पण्यांची यादी बघायची, दुसरा इलाज नाही. पीडीएफ-एक्सचेंज एडिटर किंवा पूर्ण ॲक्रोबॅटमध्ये एका प्रतीतल्या टिप्पण्या वेगळ्या डेटा फाइलमध्ये निर्यात करून दुसऱ्या प्रतीत आयात करता येतात. पान तेच आणि तेवढंच असेल तर खुणा अचूक जागी बसतात. दोन प्रती दोन वेगळ्या स्कॅनच्या असतील तर हा उद्योग करू नका, खुणा भलत्या ओळींवर जाऊन बसतील.

पुसून गेलेलं परत हवं असेल तर आधी तारखा बघा. गूगल ड्राइव्ह पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच ठेवतो. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही ३० दिवसच. सिंकथिंगमध्ये आवृत्त्या राखण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते, फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. कुणाच्या खुणा नुकत्याच गेल्या असतील तर हा लेख अर्धवट सोडून त्यांनी आधी आवृत्तीचा इतिहास उघडावा.

देवनागरी नावांचा घोळ

हा भाग इंग्रजी मदतपानांत सापडणार नाही, आणि मराठी संग्रहात तर रोजचा आहे. लक्षण असं: काही ठरावीक फाइलीच टॅबवर जात नाहीत. बाकी शेकडो जातात, या अडून बसतात, आणि पडद्यावरचा दोषसंदेश ‘नाव फार मोठं’ किंवा नुसता ‘अज्ञात दोष’.

विंडोजवर फाइलच्या नावात २५५ अक्षरचिन्हं चालतात. अँड्रॉइड आणि लिनक्सवर मर्यादा २५५चीच, पण ती बाइटची. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हं. ‘शेतकऱ्यांचा’ या एका शब्दात ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. असे सात शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा झाल्या की टॅबची मर्यादा संपत आली. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती असं सगळं नावात भरण्याची आपल्याकडची रीत बघता हे सहज होतं. त्यातून सिंकथिंगने संघर्षाचं शेपूट लावलं की आणखी ३८ बाइट. लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारं नाव टॅबवर म्हणून अडतं. विंडोजवरही पूर्ण पत्ता, म्हणजे फोल्डरांच्या नावांसकट, बऱ्याच जुन्या प्रोग्रामांना २६० चिन्हांपुढे झेपत नाही, तो वेगळा त्रास.

दुसरा प्रकार जास्त गमतीदार. एकाच नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात. डोळ्यांना अक्षरन् अक्षर सारखी. हे कसं शक्य आहे? ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह वापरून. ‘र’ आणि खालचं टिंब (नुक्ता) अशी दोन चिन्हं जोडून. किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात. कोणता प्रकार उमटेल ते कीबोर्डवर अवलंबून. त्यात मॅकची जुनी फाइलव्यवस्था, एचएफएस प्लस, नावं साठवतानाच पहिला प्रकार मोडून दुसरा करते. मग मॅकवरून आलेली ‘दुसऱ्या आवृत्ती’ची फाइल आणि विंडोजवर बनलेली त्याच नावाची फाइल अँड्रॉइडच्या दृष्टीने दोन वेगळ्या. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध ‘ॲ’ वेगळा आणि ‘अ’वर अर्धचंद्र दिलेला वेगळा. इथे फक्त प्रती वाढत नाहीत, शोधही फसतो. ‘ॲक्ट’ शोधावं तर निम्मे कायदे सापडत नाहीत.

उपाय कुणाला आवडत नाही, पण टिकतो तोच. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, छोटं: आडनाव, वर्ष, एखादा शब्द. पुस्तकाचं खरं मराठी नाव झोटेरोसारख्या संग्रहाच्या नोंदीत ठेवायचं, तिथे लांबीची अडचण नाही. झोटेरोमध्ये नोंदीवरून फाइलचं नाव आपोआप बनतं, त्याचा साचा आवृत्ती ७ पासून सेटिंगमध्ये बदलता येतो. तिथून शीर्षक कमी केलं किंवा त्याची लांबी छाटली तरी बरंच भागतं. स्वतःच्या भाषेत फाइलला नाव देता येऊ नये हे खटकतं, मलाही. पण शेकडो फाइली अडून बसल्यावर तो वाद घालायला वेळ नसतो.

शोधगंगेच्या फाइलींना उलटा आजार आहे. प्रबंध प्रकरणागणिक तुटलेला असतो आणि नावं शीर्षक, प्रमाणपत्र, प्रस्तावना अशी क्रमांकासह. प्रत्येक प्रबंधात तीच. सगळे एका फोल्डरात ओतले तर एक दुसऱ्यावर लिहिला जातो, आणि नावावरून दुबार फाइली उडवणारं साधन चालवलं तर सगळा संग्रहच साफ. प्रत्येक प्रबंधाला वेगळं फोल्डर करा, किंवा प्रकरणं जोडून एक फाइल करा. जोडणं खुणा करण्याआधी.

खूण होते, पण शब्द हाती लागत नाहीत

बरेच जण याला सिंकचा दोष समजतात. टॅबवर ओळ रंगवली, लॅपटॉपवर रंग दिसतो, पण टिपांच्या यादीत मजकुराऐवजी कचरा. इथे खूण व्यवस्थित पोहोचलेली आहे, दोष पीडीएफच्या घडणीत आहे. श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीटीटी-सुरेख अशा जुन्या फाँटांत जुळवलेल्या पुस्तकांत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत भलतंच इंग्रजी चिन्ह असतं. युनिकोड फाँटातल्या नव्या पीडीएफांतही वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं फुटतात, कारण अक्षरांच्या आकृतीवरून मूळ चिन्हांकडे परत जाण्याचा तक्ता अपुरा असतो. ॲप बदलून यात काडीचा फरक पडत नाही. अशा पुस्तकांत झोटेरोमधलं चौकोनी क्षेत्र निवडण्याचं साधन वापरा. तो पानाच्या त्या भागाचं चित्रच टिपेत ठेवतो, शेजारी दोन शब्द स्वतः टंकायचे.

स्कॅन असेल तर आत मजकूरच नसतो, बोट फिरवलं तरी काही निवडलं जात नाही. इथे अक्षरओळख (ओसीआर), म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं, करावी लागते. टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरला मराठी येते आणि ओसीआरमायपीडीएफ हे मोफत साधन त्याच्या मदतीने स्कॅनवर अदृश्य मजकुराचा थर चढवतं. मराठीची भाषाफाइल वेगळी बसवावी लागते आणि चालवताना भाषा सांगावी लागते, नाहीतर ते सगळं इंग्रजी समजून वाचतं. क्रम मात्र पाळा: आधी अक्षरओळख, मग खुणा. तिरकी पानं सरळ करण्याचा पर्याय चालू असेल तर पान किंचित फिरतं, आणि आधी केलेल्या खुणा ओळीवरून घसरतात.

इंटरनेट अर्काइव्हची पीडीएफ टॅबवर रखडत उघडते तेही याच खात्यात. त्यांतली पानं बरेचदा जेपीईजी २००० पद्धतीने दाबलेली असतात आणि ती उलगडायला स्वस्त टॅबचा जीव जातो. घोस्टस्क्रिप्ट या साधनाने साध्या जेपीईजीत नव्याने दाबून घेतली की पान चटकन उलटतं. हेही खुणांच्या आधीच.

झोटेरो: कुठे अडतं

संग्रह मोठा असेल आणि त्यावरून पुढे काही लिहायचं असेल, तर माझा कौल झोटेरोला. मार्च २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून त्याच्यात स्वतःचा पीडीएफ वाचक आहे. आयपॅडसाठी ॲप आहे, अँड्रॉइडसाठीही आता आहे. खुणा डेटाबेसात असल्यामुळे दोनशे एमबीचं स्कॅन एकदाच वर चढतं. पुढे फक्त खुणांची देवाणघेवाण होते, ती काही बाइटची. फाइलच्या आत खुणा करणाऱ्या पद्धतीत एक ओळ रंगवली तरी गूगल ड्राइव्ह पूर्वी आख्खी फाइल पुन्हा चढवायचा; २०२५ पासून त्याचं लॅपटॉपवरचं ॲप बदललेला भागच चढवतं. ड्रॉपबॉक्स आधीपासूनच फक्त बदललेले तुकडे पाठवतो.

झोटेरोत नोंदी आणि खुणांचं सिंक मोफत, त्याला मर्यादा नाही. फाइलींसाठी मात्र मोफत जागा ३०० एमबी. म्हणून नेहमीचं लक्षण: टॅबवर सगळ्या नोंदी दिसतात, फाइलवर टिचकी मारली की उघडत नाही. कोटा भरला की नव्या फाइली वर जातच नाहीत. एकतर पैसे भरून जागा वाढवा, नाहीतर वेबडॅव्ह (फाइली दुसऱ्या साठवण सेवेवर ठेवायची एक पद्धत) जोडा. त्यासाठी नेक्स्टक्लाउड चालतो, कूफरही चालतो. गूगल ड्राइव्ह वेबडॅव्ह बोलत नाही, त्यावर वेळ घालवू नका. पत्ता भरताना शेवटी झोटेरो हे फोल्डर तो स्वतःच जोडतो, तुम्ही पुन्हा लिहिलंत तर तो चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो. आणि वेबडॅव्ह फक्त तुमच्या स्वतःच्या संग्रहाला लागू पडतं, गटाच्या संग्रहाला नाही. चार जणांत मिळून वाचणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

पैसे वाचवायला काही जण झोटेरोचं डेटा फोल्डरच ड्रॉपबॉक्समध्ये ठेवतात. असं करू नका. आत चालू डेटाबेस असतो. दोन यंत्रांनी एकाच वेळी त्याला हात लावला की तो बिघडतो, आणि तेव्हा खुणा, नोंदी, सगळंच जातं. दुसरी पळवाट दुव्याने जोडलेल्या फाइलींची: पीडीएफ आपल्या फोल्डरात आणि झोटेरोत नुसता पत्ता. लॅपटॉपपुरतं हे छान आहे, पण अशा फाइली टॅबच्या ॲपमध्ये येत नाहीत. टॅबवर वाचायचं असेल तर फाइल झोटेरोच्या आतच हवी.

जुन्या खुणा आधीच पीडीएफच्या पोटात असतील तर झोटेरो त्या कुलपाच्या चिन्हासह दाखवतो. दिसतात, पण बदलता येत नाहीत. फाइल मेनूतून खुणा आयात केल्या की त्या डेटाबेसात येतात. बाण, शिक्के असले काही प्रकार मात्र येत नाहीत, म्हणून आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढा. त्यानंतर ती फाइल दुसऱ्या वाचकात उघडून खुणा करू नका. आयातीनंतर पुन्हा ॲक्रोबॅटमध्ये रंगवत बसलं की एकाच पुस्तकाच्या निम्म्या खुणा एका घरात आणि निम्म्या दुसऱ्या घरात, आणि सगळा गोंधळ नव्याने. दुसऱ्या कुणाला खुणांसकट पीडीएफ द्यायची असेल तर निर्यात करा, त्या प्रतीत खुणा आत भरून मिळतात.

मजकुराचा शोध अर्धवट वाटला तर सेटिंग बघा. झोटेरो मुळात प्रत्येक पीडीएफची पहिली १०० पानंच शोधसूचीत घेतो. चारशे पानी पुस्तकाचा शेवट त्याला माहीतच नसतो. आकडा वाढवा आणि सूची पुन्हा बांधा.

पेनाने समासात लिहिणं हेच ज्यांचं मुख्य काम आहे, किंवा जे संदर्भसूचीच्या वाटेला जाणार नाहीत, त्यांनी झोटेरोच्या मागे लागू नये. फाइलच्या आत लिहिणारा एक वाचक दोन्हीकडे, एकच सिंक, आणि बंद करूनच दुसरीकडे उघडायचं, एवढ्यावर भागतं. सिंकथिंग घ्यायचं असेल तर त्याचं अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, आता सिंकथिंग-फोर्क वापरतात. आयपॅडवर अधिकृत ॲप कधी नव्हतंच, मोबियस सिंक हे दुसऱ्यांनी केलेलं आहे आणि पार्श्वभूमीत ते फार वेळ जागं राहू शकत नाही.

बिघडलेला संग्रह आवरताना

सगळ्या यंत्रांवरचं सिंक आधी थांबवा, आणि सगळ्या यंत्रांवरच्या प्रती एका बाहेरच्या डिस्कवर वेगवेगळ्या फोल्डरांत उतरवा. टॅबवरचंही डाउनलोड फोल्डर त्यात धरा. मग संघर्षाच्या प्रती नावातल्या शेपटावरून शोधून काढा. दुबार फाइली ओळखायला ड्युपगुरूसारखं साधन आशयावरून चालवा, नावावरून नको. पण ते फक्त तंतोतंत सारख्या फाइली पकडेल. ज्या दोन प्रतींत खुणा वेगळ्या आहेत त्या त्याच्या लेखी वेगळ्या फाइली, म्हणजे नेमक्या तुम्हाला जपायच्या आहेत त्याच. त्या हातानेच बघायच्या. नावं सुधारायची ती याच टप्प्यावर. शेवटी लॅपटॉपवरचा एक संग्रह खरा माना, टॅबवरचं फोल्डर रिकामं करून तिथे नव्याने उतरू द्या. पूर्ण उतरेपर्यंत टॅबवर खूण करू नका.

शासन निर्णयांचं तेवढं वेगळं ठेवा. त्यांतल्या बऱ्याच फाइलींवर डिजिटल स्वाक्षरी असते. फाइलच्या आत एखादी खूण केली तरी सही झाल्यावर दस्तऐवज बदलला, असा इशारा वाचक दाखवू लागतो. ती फाइल पुढे कुठे जोडायची असेल तर वाचनाची प्रत वेगळी काढा, किंवा झोटेरोतच वाचा, तिथे मूळ फाइलला धक्का लागत नाही. काही पीडीएफांना टिप्पणीची परवानगीच नसते. तिथे रंगवण्याचं बटण फिकट दिसतं आणि माणूस ॲप काढून पुन्हा बसवत राहतो. फाइलच्या गुणधर्मांत सुरक्षेचा भाग एकदा उघडून बघितला की खुलासा होतो.